सुतकातलं स्थळ

“मयताच्या घरात पोराच्या लग्नाचा विषय? आनि तेवढ्यावर सिनेमा काढला?” अक्का म्हणाली, आणि हातातलं रताळं बुट्टीत टाकून माझ्याकडं असं बघितलं, जणू तो सिनेमा मीच काढलाय.

“का गे? खालच्या गल्लीत मयत झालं तेव्हा तिसऱ्या दिवशी चहाची किटली घेऊन तूच गेलीस. तिथं बसून काय बोललीस?”

“काय बोललो?”

“वर्साच्या आत पोराचं उरकून टाका म्हणालीस. न्हाई तर तीन वर्सं अडकतंय म्हणालीस.”

“मग? मी काय घरचं सांगितलो? रीत हाय ती.”

रीत आहे, नाही म्हणता येणार नाही. आई किंवा बाप गेला की घरातल्या लग्नाच्या पोराचं वर्षाच्या आत उरकायचं, नाही तर तीन वर्षं थांबायचं. त्यामुळं सुतकाचं घर आणि स्थळं यांचं जुनं सूत आहे. दहाव्याला कावळा पिंडाला शिवायच्या आत पोराच्या कानावर दोन मुली घालून झालेल्या असतात. एक मावशीकडून, एक चुलत्याच्या मेहुण्याकडून. पोराला रडायला सवड नसते.

अक्काचं आणि माझं परडं एकमेकाला लागून. रस्त्याच्या बाजूला दोघींनी सिमेंटचं कंपाउंड घातलंय, खरं मधली वई तशीच ठेवलीय. कोंबड्यांनी तिला भोकं पाडलीत, त्यातून वाटी जाते, ताटली जाते आणि गावच्या बातम्या जातात. नवरात्राच्या उपासाला रताळ्याला दर असतो म्हणून अक्का सकाळपासून माल निवडत बसलेली. मोठी, सरळ, लाल सालीची बेळगावच्या एपीएमसीला जाणार. वाकडी आणि कुदळ लागलेली घरात. अगदी बारकी म्हशीला. निवडता निवडता तिचं तोंड चालू असतं, आणि मी पुण्याहून आल्याचं तिला कळलेलंच होतं.

“भाचीनं दाखवलं म्हणे सिनेमा. नाव काय म्हणालीस?”

“साबर बोंडं.”

“तेच्या आयला! फळाचं नाव?”

एवढ्यात मागच्या घरच्या मामी बालदी घेऊन आल्या. मामी ऐंशीला टेकल्यात, कान तिखट आहेत. त्यांचं माहेर चिक्कोडीकडचं, माळरानाचं. आमच्याकडं पावसानं सगळं हिरवंगार, खरं तिकडं बांधाबांधाला साबर असायचा म्हणतात.

“साबराची बोंडं मी लई खाल्लेत,” मामी म्हणाल्या. “हातानं तोडायची न्हाईत. चिमट्यानं, न्हाई तर दोन काटक्यांत धरून. आनि मग मातीवर अशी घोळायची, घोळायची. बारकी कुसळं जायला पायजेत. एक जरी ऱ्हायलं तर आठ दिवस जीभ चरचरती. आनि आत लालभडक! तोंड रंगतंय, झंपर रंगतंय. चोरून खाल्लं तर आई लगेच ओळखायची.”

सिनेमातसुद्धा ही बोंडं चोरूनच येतात म्हटलं तरी चालेल. एक जण दुसऱ्यासाठी मुद्दाम शोधून आणतो. तो दुसरा म्हणजे आनंद. मुंबईत कॉल सेंटरला कामाला, तिशी ओलांडलेला, लग्न झालेलं नाही. बाप वारतो, आणि आई-पोरगा दहा दिवसांच्या सुतकाला नगर भागातल्या गावाकडं येतात. पायात चप्पल घालायची नाही, हे खायचं नाही, तिथं जायचं नाही, आणि वर सगळ्या नातेवाइकांचं एकच पालुपद: आता लग्न कधी? गावात त्याचा लहानपणीचा दोस्त आहे, बाळ्या. शेतात राबणारा, शेळ्या राखणारा. त्याचंही लग्न झालेलं नाही, आणि त्याच्याही घरात तोच जप चाललाय.

“हां,” अक्का म्हणाली. “मग दोघांचं मिळून दोन भैनी बघायच्या. एका मांडवात दोन लग्नं. खर्च वाचतोय.”

“अक्का, त्या दोघांचंच एकमेकावर आहे.”

अक्काचा हात थांबला. मामींनी बालदी खाली ठेवली. मला वाटलं, आता देवाचं नाव घेऊन दोघी उठतात.

“गड्यागड्याचं?” अक्कानं आवाज खाली आणून विचारलं. तिच्या परड्यात म्हैस सोडून ऐकायला कोणी नव्हतं.

“होय.”

“म्हंजे ते… तसलं?”

“तसलं म्हणजे काय? दोघं शेतात झाडाखाली बसतात, बोलतात, बिडी-काडीचं विचारतात तसं सुखदुःखाचं विचारतात. पूर्वी दोघांत काय होतं ते सिनेमा ओरडून सांगत नाही. खरं एकमेकाकडं बघतात तेव्हा आपल्याला कळतंय.”

“आनि आईला कळतंय काय?”

इथंच सिनेमाचा जीव आहे, आणि अक्कानं नेमका तिथंच हात घातला. गप्पा मारणाऱ्या बायकांची जात अशी असते, धाग्याचं टोक त्यांना अंधारातही सापडतं.

आईला ठाऊक असतं. बापालाही ठाऊक होतं. दोघांनी पोराला पदरात घेतलेलं होतं. खरं हे गावाला कसं सांगायचं? म्हणून घरानं एक गोष्ट तयार ठेवलेली: ह्याचं एका मुलीवर होतं, तिनं फसवलं, तेव्हापासून ह्याचं लग्नावरचं मन उडालंय. आई ही गोष्ट नातेवाइकांना इतक्या सराईतपणे सांगते, की ऐकणारा हळहळतो. जयश्री जगताप म्हणून बाई आहेत, त्यांनी ही आई केलीय. रडून-ओरडून दाखवलेलं काही नाही. नवरा गेल्याचं दुःख एका बाजूला आणि पोराचं गुपित राखायचं काम दुसऱ्या बाजूला, ही दोन्ही ओझी घेऊन ती घरात वावरते. आनंदचं काम भूषण मनोजनं केलंय आणि बाळ्याचं सूरज सुमननं. दोघांचं काम चांगलं आहे, खरं मला विचाराल तर आईनं सिनेमा खिशात घातलाय.

“मुलीनं फसवलं म्हणून सांगितली?” अक्का हसली. “हुशार हाय बाई. फसवलं म्हटलं की कोण पुढं विचारत न्हाई. उलट चार शिव्या तिकडच्या मुलीला घालतेत आनि गप्प बसतेत.”

“त्या नसलेल्या मुलीला.”

“मग काय झालं? नसलेल्या मुलीला शिव्या लागतेत कुठं?”

ह्यावर मामी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

हा सिनेमा रोहन परशुराम कानवडे ह्या मुंबईच्या माणसानं लिहिला आणि दिग्दर्शित केला. बाप ड्रायव्हर, घर एका खोलीचं. शिकला इंटिरियर डिझाइन, वळला सिनेमाकडं. 2016 मध्ये त्याचे वडील वारले तेव्हा तो असाच गावाकडं दहा दिवस राहिला होता, आणि नातेवाइकांनी लग्न लग्न म्हणून त्याला असंच नकोसं करून सोडलं होतं. त्या घुसमटीत त्याच्या मनात आलं, की ह्या गावात आपला एखादा दोस्त असता, जीव लावणारा, तर हे दहा दिवस कसे गेले असते? तो दोस्त प्रत्यक्षात नव्हता. त्यानं तो सिनेमात आणला. त्याच्या आधी त्यानं ‘उ उषाचा’ नावाची छोटी फिल्म केली होती. त्यात शेतावर मोलमजुरी करणारी एक निरक्षर बाई शाळेतल्या बाईंकडं ओढली जाते. म्हणजे हा माणूस शहरातल्या काचेच्या घरातली प्रेमं दाखवत बसत नाही. त्याचे लोक शेणामातीतले आहेत.

“बक्षीस मिळालंय म्हणे?” मामींना बक्षिसांचं फार असतं. त्यांच्या नातवाला शाळेत मिळालेलं पेलं अजून कपाटात आहे.

मिळालंय, आणि साधंसुधं नाही. अमेरिकेत सनडान्स म्हणून मोठा चित्रपट महोत्सव असतो. तिथं 2025 च्या जानेवारीत हा दाखवला. तिथं गेलेला तो पहिला मराठी कथापट, आणि परदेशी कथापटांच्या विभागात परीक्षकांचं सगळ्यात मोठं बक्षीस घेऊन आला. नागराज मंजुळे, सई ताम्हणकर, निखिल अडवाणी, विक्रमादित्य मोटवाने असे लोक मागाहून पाठीशी उभे राहिले. तेलुगूतल्या राणा दग्गुबातीच्या कंपनीनं तो आपल्या देशात थिएटरला लावला.

“तेलुगूवाला? आनि आपले मराठी कुठं गेलते?”

“अजून ऐक. कॅमेरा विकास अरस म्हणून आहेत, त्यांचा. ते कन्नड सिनेमे करणारे.”

“मग हे कर्नाटकाचं का महाराष्ट्राचं?”

आमच्या सीमाभागात हा प्रश्न कशालाही लागतो. 1956 सालापासून दुकानाच्या पाटीला, शाळेच्या पुस्तकाला, गाडीच्या नंबराला लागतोय. आता सिनेमाला लागला. मी म्हटलं, कोर्टात घालूया तेसुद्धा, एवी तेवी तारखा पडतातच.

आणि एक गंमत. सिनेमा थिएटरला लागला 19 सप्टेंबर 2025 ला. रविवारी सर्वपित्री अमावास्या, सोमवारी घटस्थापना. म्हणजे बापाच्या सुतकाचा सिनेमा नेमका पितृपक्षात. पितृपक्षात नवीन कापड घेत नाहीत लोक, तिकीट कोण काढणार? मुहूर्त कुणी बघितला होता देव जाणे. खरं मला तो बरोबर वाटला. पुण्यात आम्ही थिएटरला गेलो तेव्हा पुढच्या रांगेत एक आजोबा होते, धोतर-टोपीवाले. मला वाटलं चुकून आलेत, मध्यंतराला उठून जातील. शेवटपर्यंत हलले नाहीत.

सिनेमा सरळ चालतो, हळू चालतो. पाठीमागं संगीत अजिबात नाही. माणूस गप्प बसला की सिनेमाही गप्प बसतो. मग पाखरं ऐकू येतात, शेळ्या ऐकू येतात, कोणाचं तरी बोलणं भिंतीपलीकडून येतं. कॅमेरा एका जागी ठेवला की ठेवला. मधे मधे मला ते जास्त वाटलं, खोटं कशाला बोलू. काही ठिकाणी अजून थोडी कात्री चालली असती तर बिघडलं नसतं. अक्का असती तर पहिल्या अर्ध्या तासात घोरली असती. खरं सुतकाच्या घरात वेळ असाच जातो की. सकाळ संपत नाही, माणसं येतात, बसतात, उठतात, पुन्हा चहा.

“मला एक सांग,” अक्का म्हणाली. तिनं आता रताळी निवडायची सोडली होती. “बाळ्या गावातच ऱ्हातो न्हवं? गावातल्या लोकाला कळलं न्हाई काय इतकी वर्सं?”

“तुझ्या वहीत किती पोरं आहेत?” मी विचारलं.

अक्काची वही प्रसिद्ध आहे. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या मागच्या बाजूला टाचण्या मारून तिनं ती केलीय. बिनलग्नाच्या पोरांची नावं, शेती किती, ट्रॅक्टर आहे का, घर पत्र्याचं का स्लॅबचं. पैसे घेत नाही, लग्न जमलं तर एक लुगडं घेते. पोरांची पानं भरत चाललीत, मुलींचं पान बरेच दिवस झाले कोरंच आहे. शेती करणाऱ्या पोराला मुलगी द्यायला कोणी तयार नाही. 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात बिनलग्नाची पोरं बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली होती, आम्हाला नवऱ्या मिळवून द्या म्हणून. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत इकडं मंड्याची पोरं चालत मलै महादेश्वराच्या डोंगराला गेली, नवस करायला. ती बातमी अक्कानं टीव्हीवर बघितली आणि वही आणखी जाड केली. बायकांना बसचं तिकीट माफ झाल्यापासून तर ती आधार कार्ड दाखवून पार गोकाक-बैलहोंगलपर्यंत स्थळं बघून येते.

“वहीत? चाळीसभर असतील,” ती म्हणाली.

“त्या चाळीसात एखाद्याला लग्नच नको असेल, तर तुला कसं कळणार?”

“कसं कळणार? सगळ्यास्नीच मुली मिळंनात.”

“तेच म्हणतोय मी.”

अक्का गप्प झाली, म्हणजे तिच्यासारखी बाई जेवढी गप्प होऊ शकते तेवढी. मुलींचा हा दुष्काळ असा आहे, की ज्याला नवरी नको त्यालाही त्याच्या आडोशाला उभं राहता येतं. आई-बाप म्हणतात मिळंना, गाव म्हणतं मिळंना, तो पण म्हणतो मिळंना. खरं ज्याला नको असेल त्याच्यासाठी एखाद्या दिवशी अक्का मुलगी शोधून आणते, आणि तिथं त्याची पंचाईत होते.

सिनेमातल्या बाळ्याची नेमकी तीच पंचाईत आहे. शहरातला आनंद निदान सुतक संपलं की मुंबईला जाऊ शकतो. बाळ्यानं कुठं जायचं?

“मला ह्यात नवीन काय वाटत न्हाई,” मामी एकदम म्हणाल्या.

आम्ही दोघी बघतच राहिलो.

“सौंदत्तीच्या डोंगराला जाताव न्हवं आपण? रांडाव पुनवेला, अहेव पुनवेला? तितं काय कमी बघितलेत? गडी मानूस लुगडं नेसतोय, डोस्क्यावर देवीचा जग घेतोय, आनि आपण वाकून नमस्कार करताव. कोण हसत न्हाई. यल्लम्मानं बोलावलं म्हनताव आनि भंडारा लावताव.”

मामींचं बोलणं खरं आहे, तरी पुरतं खरं नाही. जोगत्याला गावानं जागा दिली, खरं देवीच्या नावानं आणि लुगडं नेसवून. त्याच्या मनात काय आहे ते विचारलं नाही. कोणाच्या अंगात खरोखरच बाईपण असतं, कोणाला केसात जट आली म्हणून घरच्यांनी सोडलेलं असतं, कोणाला तिसरंच काही. सगळ्यांना एकच लुगडं. राजन गवसांनी आपल्या ह्याच पट्ट्यातल्या माणसांवर ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ लिहिलं, आणि त्याच्या आधारानं राजीव पाटलांनी 2009 मध्ये ‘जोगवा’ काढला. उपेंद्र लिमयेला त्यातल्या तायप्पासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो सिनेमा अक्कानं आणि मी मिळून टीव्हीवर बघितलेला, आणि अक्का पदरानं डोळे पुसत म्हणालेली, सोडा की त्येला, जगू दे.

खरं तायप्पाचं प्रेम बाईवर होतं. त्याला लुगडं नको होतं. बाळ्या आणि आनंदचं वेगळं आहे. दोघं शर्ट-पँटमधले गडी. त्यांना देवी नको, लुगडं नको, भंडारा नको. दोघांना एकमेकाजवळ बसायचंय, इतकंच. आणि गावात नेमकं एवढ्यालाच नाव नाही. मुलीनं फसवलं, मुलगी मिळंना, देवीनं धरलं, मारुतीचा भक्त आहे, डोक्यानं जरा तसाच आहे. ह्या सगळ्याला गावात ऐसपैस जागा. कोणी मांडीला मांडी लावून बसवून घेईल. आहे ते आहे तसं सांगितलं तर मात्र बसायला पाट नाही.

“तू नाटकातलं एक सांगितलीस मागं,” अक्काला आठवलं. “त्या तेंडुलकराचं.”

“मित्राची गोष्ट. एक्क्याऐंशी सालचं. त्यात मुलीचं मुलीवर असतं. रोहिणी हट्टंगडीनं काम केलं होतं.”

“तेचा शेवट काय?”

“वाईट.”

“बघ. सगळ्यांचा शेवट वाईटच दाखवतेत.”

हे अक्कानं फार बरोबर पकडलं. असल्या माणसांच्या गोष्टीत कोणीतरी मरायलाच पाहिजे असा जणू नियम होता. अलीगढ विद्यापीठातले आपले मराठीचे प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस, त्यांची तर खरी गोष्ट. 2010 मध्ये त्यांच्या खोलीत घुसून चित्रण केलं, नोकरीवरून निलंबित केलं, कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि थोड्याच दिवसांत ते घरात मेलेले सापडले. मराठी कविता लिहिणारा माणूस, इतक्या लांब एकटा. त्यांच्यावर निघालेला ‘अलीगढ’ मी एकदा बघितला, परत बघायचं धाडस झालेलं नाही. ‘साबर बोंडं’मध्ये मयत पहिल्यांदाच होऊन जातं, बापाचं. पुढचा सगळा वेळ जगायचा आहे.

भाचीनं मला दुसऱ्या दिवशी तिच्या लॅपटॉपवर आणखी एक दाखवला, अर्ध्या तासाचा, इंग्रजी. स्पेनच्या पेद्रो अल्मोदोवारचा, 2023 चा. घोडेस्वारांचा, बंदुकांचा. एक म्हातारपणाकडं झुकलेला शेरीफ, म्हणजे आपल्याकडचा फौजदार समजा, आणि त्याचा जुना मित्र; पंचवीस वर्षांनी वाळवंट ओलांडून त्याला भेटायला येतो. एक रात्र पूर्वीसारखी जाते आणि सकाळी फौजदार म्हणतो, झालं गेलं विसर. मग बंदूक निघते. माणसाला वय झाल्यावर जुनं प्रेम परत भेटलं की आनंद कमी आणि भीती जास्त होते, ते त्यात चांगलं दाखवलंय. भाचीला तो फार आवडला. मला आपला शेळ्यांचाच बरा वाटला. बंदूक काढणं सोपं असतं; मावशीसमोर बसून तिसऱ्यांदा चहा नको म्हणणं आणि लग्नाचा विषय टाळणं, ह्याला जास्त धाडस लागतं.

“खरं तिशी म्हंजे काय वय गे?” मामी म्हणाल्या. “जुनं प्रेम म्हनालीस. मला वाटलं पन्नाशीचे असतील.”

“मामी, तिशीचा बिनलग्नाचा म्हंजे आपल्यात म्हातारा,” अक्का म्हणाली. “वहीत शेवटच्या पानावर घालतो मी तसल्यास्नी.”

“पन्नाशीचा असता तर?”

“तर मी घेतच न्हाई.”

मी म्हटलं, तेवढीच सुटका त्याची. अक्कानं माझ्यावर एक वाकडं रताळं फेकलं. ते मी घरात नेलं, भाजायला चांगलं होतं.

“सरकाराचं काय हाय ह्यात?” तिनं विचारलं. आमच्या अक्काला प्रत्येक गोष्टीत सरकार लागतं, रेशन कार्डापासून.

मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. आधी तो गुन्हा होता, इंग्रजांच्या वेळचं 377 कलम. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की दोन मोठी माणसं राजीखुशीनं एकत्र आली तर गुन्हा नाही. पोलिसांचं काम संपलं. लग्नाचं मात्र 17 ऑक्टोबर 2023 ला त्याच कोर्टानं सांगितलं, की ते आम्ही देऊ शकत नाही, संसदेनं बघावं.

“म्हंजे ऱ्हायला चालतंय, मांडव घालायला न्हाई.”

“तसंच.”

“महाराष्ट्रात पण तेच?”

“तिकडं पण तेच, इकडं पण तेच.”

“चला,” अक्का म्हणाली, “एका गोष्टीत तरी दोन्ही राज्यं एक झाली.”

मग थोडा वेळ विषय दुसरीकडं गेला. राकसकोप धरण भरलंय, दुधाचा दर, निपाणीच्या मावशीचा गुडघा, आमच्या साहित्य संमेलनाला ह्या वर्षी अध्यक्ष कोण आणणार. मी म्हटलं, त्या कानवडेलाच बोलवावं, बेळगुंदीच्या मांडवात बसून बोलू दे. मामी म्हणाल्या, जेवण शाकाहारी असतंय म्हणून आधी सांगा त्येला. इतकीच त्यांची हरकत. मला उगाचच बरं वाटलं.

अक्का मात्र अजून तिथंच अडकली होती. माल पोत्यात भरून झाला, पोत्याचं तोंड शिवून झालं, तरी उठेना. शेवटी म्हणाली, “मास्तरीण, त्या वरच्या मळ्यातल्या पोराला मी तीन मुली दाखवलो. चांगल्या होत्या. एक नर्स होती, आनि सोनं मागत नव्हती. तिन्हींना न्हाई म्हनाला. का न्हाई ते पण सांगंना. मी तेच्या आईला म्हनालो, पोराची पत्रिका दाखवा कुणाला तरी.”

“त्याला विचारलीस काय?”

“काय विचारायचं? तुझं गड्यावर हाय काय म्हणून?”

“तसं न्हवं गे. तुला लग्न करायचंय काय, एवढंच. त्याच्या आईला न्हवं, त्याला.”

“पोराला कोण विचारतंय? मला तरी कोण विचारलंतं?”

“मला पण न्हाई,” मामी म्हणाल्या. “मला तर नवरा मांडवात पैल्यांदा दिसला, आनि तेबी मी मान खाली घालून पायच बघितलो.”

“आनि कसे होते पाय?”

“मळके.”

मळ्यातल्या पोराचं काय आहे ते कोणाला ठाऊक! कदाचित त्याला नर्स आवडली नसेल, कदाचित सोलापूरच्या पोरांसारखा घोडा मिळाला तर उद्या चढेल. आपण सिनेमा बघून आलो म्हणून गावातल्या प्रत्येक बिनलग्नाच्या पोराकडं तसं बघायला लागलो, तर तो पण एक ताप व्हायचा त्यांना. हे मी अक्काला बजावून सांगितलं. वहीत नवीन रकाना काढायचा नाही.

“मला काय येडी समजलीस? मी कुणाला काय बोलत न्हाई.”

हे वाक्य बोलणारी बाई गेली चाळीस वर्षं पहाटे नळाला येणारी पहिली आणि जाणारी शेवटची आहे. मी काही बोलले नाही.

“खरं विचारतो त्येला,” ती कमरेवर हात देऊन उठत म्हणाली. “एकटा असताना गाठतो. आई न्हवती असं बघून. न्हाई म्हनाला तर वहीतनं काडतो नाव, आनि तेच्या आईला सांगतो, मुलगी मिळंना म्हणून. ते कोनालाबी पटतंय.”

“म्हणजे तू पण खोटंच सांगणार.”

“मग? सिनेमातल्या बाईनं सांगितली ते चाललं, आनि मी सांगितलो तर पाप?”

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि तिला ते नकोच होतं. पोतं न्यायला टेंपो आला म्हणून ती ओरडत पुढच्या दाराला धावली. जाता जाता मागं वळून म्हणाली, “भाचीला विचार, फोनवर येतंय काय ते बोंडाचं. दिवाळीला आली की आमच्यात बसून बघूया. मामीला पण बोलवूया.”

“बघूया की.”

“खरं त्या दोघांचं काय तसलं असलं, चुंबा-बिंबा, तर आदी सांग. मी तेवढ्यात चहा ठेवून येतो.”

“तू कशाला उठतीस?” मामी बालदी उचलत म्हणाल्या. “चहा मी ठेवतो. मला लांबचं दिसत न्हाई.”

“मग तुमी जवळ बसा मामी, मीच ठेवतो!”

“थांब गे, ठरव की नीट. दोघी गेलो तर बघनार कोण?”